वेचून घ्या तुमचे दाणे

वच्छले,

परवा मारुतीच्या पारावर तुझी शोकसभा झाली. सतरंजी अंथरली, सोसायटीतून खुर्च्या आणल्या, आणि सरपंच उभे राहून म्हणाले, "कैलासवासी वत्सलाबाईंचे या गावावर अनंत उपकार आहेत." मी शेजारणीला विचारलं, ही वत्सलाबाई कोण? खरंच विचारलं. आम्हाला शिंप्याची वच्छी माहीत, पोट्ट्यांची वच्छीबाई माहीत. वत्सलाबाई म्हणजे कोणीतरी पदर सावरून हळू बोलणारी बाई वाटली. तू कधी हळू बोललीस? "नाकं पुसा राजे" हा तुझा आवाज माझ्या वांग्याच्या वाफ्यात ऐकू यायचा.

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, कशानं गेलीस, हे सगळं सभेत वाचून झालं. ते मी पुन्हा लिहीत बसणार नाही. मला तुझ्याशी अर्धं राहिलेलं भांडण पुरं करायचं आहे. आणि तुला एक निरोप द्यायचा आहे. तो शेवटी देईन, कारण आधी दिला तर तू उठून चालायला लागशील आणि माझं ऐकणार नाहीस. तुझी खोड मला ठाऊक आहे.

आणि हो, 'तुला' लिहिते आहे ते तुझ्याच धाकानं. तोंडानं बोलले असते तर 'तुले लिहितो' म्हटलं असतं. चौथी शिकलेल्या माळणीकडून तू बालवाडीच्या भिंतीवर शुद्ध अक्षरं काढून घेतलीस, आता भोग.

तू बुलढाण्याचं शिबिर करून आलीस तेव्हा महाराष्ट्र नवानवा झाला होता आणि आमच्याकडे बालवाडी हा शब्दही नवा होता. तू चित्रांच्या गुंडाळ्या काखेत मारून एस.टी.तून उतरलीस तेव्हा पारावरची माणसं हसली. "पोट्ट्यांले रडायलेही आता मास्तरीण लागते काय?" कोणीतरी म्हणालं. तू थांबलीस आणि त्याला सांगितलंस, "हाव. तुमच्या घरचं पाठवा उद्या, सुरात रडायले शिकवतो." कपाळ पांढरं घेऊन माहेरी परतलेली बाई चारचौघांत असं बोलते, हे काही जणांना तेव्हापासूनच डसलं. मला मात्र तू त्याच घडीला आवडलीस.

जागा मोठ्या घरच्या आबांनी दिली. गावातली निम्मी जमीन त्यांची, त्यामुळे एक रिकामा गोठा देणं त्यांना जड नव्हतं. दिला मात्र मनानं, हे मी आजही म्हणेन. तू बाई झालीस, मी मदतनीस. आणि पहिल्याच वर्षी आम्ही बायकांनी तो घोळ घातला.

तालुक्याचे साहेब तपासणीला यायचे होते. तू साखरखेर्ड्याला बहिणीकडे गेलेली. आम्ही ठरवलं, तू यायच्या आत गोठा पांढरा करून टाकू. चुना कालवला, तो अर्ध्या भिंतीतच संपला. कोपऱ्यात एक पोतं होतं, वर सगळी इंग्रजी अक्षरं, आत पांढरी भुकटी. कोणी म्हणालं, हा सरकारी चुना दिसते. तोही कालवला. कुंचे मारले, भिंती अशा झाल्या की बघत राहावं. तू आलीस, दारात उभी राहिलीस, नाक वर करून वास घेतलास आणि म्हणालीस, "सुभद्रे, लेकरांचं दूध कुठं हाय?"

साहेबांनीही दुसऱ्या दिवशी तेच विचारलं. आम्ही सगळ्या खाली माना घालून उभ्या. तू आमच्यापैकी एकीचंही नाव घेतलं नाहीस. म्हणालीस, "भिंतीले पाजलं साहेब. गोठ्याची भिंत हाय, तिले दुधाची सवय होती." साहेब हसले नाहीत. पुढचं पोतं अडकलं ते अडकलंच. भिंतीला मुंग्या लागल्या, मांजरी चाटून गेल्या, पण एक सांगते, तो रंग कधी कोणाच्या पाठीला लागला नाही. गावात चुन्याच्या भिंतीला टेकलं की पाठ पांढरी होते. आपले पोट्टे तेवढे टेकून बसायचे आणि कोरडे उठायचे. तू म्हणायचीस, गावात एवढी महाग भिंत दुसरी नाही.

पण दूध गेलं आणि दुपारपर्यंत लेकरं कोमेजायला लागली. तेव्हा तू मूठ काढलीस. प्रत्येक लेकरानं घरून मूठभर धान्य आणायचं, ज्वारी असो, मूग असो, बरबटी असो, जे घरात असेल ते. सगळं एकाच गंजात. तो जर्मनचा मोठा गंज तुझ्या आईचा, लग्नाकार्यात भाताचं पातेलं म्हणून वापरायचा. आज आणलेली मूठ आज भिजत घालायची, उद्या तिच्या घुगऱ्या करायच्या. मी विचारलं होतं, आजची आज का नाही शिजवायची? तू म्हणालीस, "भिजल्याबिगर ज्वारी शिजत नाई. आन् ज्याची मूठ गंजात हाय, थो खायसाठी तरी उद्या येते." काय लबाड बाई होतीस.

ज्याच्या घरात मूठही नसे, त्याची मूठ तू वाटेतच भरायचीस, तुझ्या ओच्यातून, आणि लेकराला सांगायचीस, बंद ठेव, गंजाजवळ उघड. त्यामुळे कोणाची भरलेली आणि कोणाची उसनी हे आजपर्यंत कळलं नाही. बंद मुठी घेऊन रांगेत चालणारे ते पोट्टे डोळ्यांसमोरून हलत नाहीत माझ्या.

मग गंगामायनं गाठ पाठवली.

आबांची घरधनीण. तिला सारं गाव मोठी माय म्हणतं, आणि वाईट बाई नाही ती. कोणाचं बाळंतपण असलं की तूप तिच्याच घरून यायचं. पण वेशीपलीकडच्या वस्तीतली लेकरं आपल्या गंजात मूठ टाकतात आणि तिचा नातू त्यातलं खातो, हे तिला कोणीतरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी नातू फडक्यात बांधलेली मूठ घेऊन आला, वर निरोप, "आमची येगळी शिजवजो." तू फडकं घेतलंस, दातानं गाठ सोडलीस आणि ओतली गंजात. सगळ्या लेकरांसमोर. मी म्हटलं, "वच्छे, एक छोटं भगुणं ठेवलं असतं बाजूले, काय बिघडलं असतं? जागा त्यांची हाय." तू म्हणालीस, "आज भगुणं ठेवलं तं उद्या पाट ठेवा लागन, परवा दार."

गंगामाय स्वतः आली. तिच्या पायात वहाण होती, ती गोठ्याबाहेरच थांबली.

"वच्छे, म्या काय निरोप पाठवला होता?"

"भेटला मोठी माय. पण गंज एकच हाय."

"मंग माही मूठ मले वापस दे."

तू गंजावरचं झाकण काढून बाजूला ठेवलंस. ज्वारी, मूग, तूर, बरबटी, सगळं पाण्यात फुगून बसलेलं. तू तिला म्हणालीस, "घ्या, वेचून घ्या तुमचे दाणे."

गंगामाय नातवाचा हात धरून गेली. संध्याकाळी गोठ्याला कुलूप लागलं.

लोक आता म्हणतात, वत्सलाबाई फार गोड स्वभावाच्या. गोड कसल्या डोंबलाच्या. त्या दिवशी तुझा राग मी डोळ्यांनी पाहिला, आणि घरी जाऊन रडलीस हे मला तुझ्या आईनं सांगितलं. पण सकाळी गंज डोक्यावर घेऊन निघालीस. वेशीजवळच्या चिंचेखाली बसवलेस पोट्टे, अशा जागी की अलीकडचे म्हणू शकेनात जागा आमची, पलीकडचेही म्हणू शकेनात जागा आमची. चिंचोके मोजायला खाली पडलेलेच होते. निम्मी लेकरं आली, निम्म्यांना घरच्यांनी अडवलं. तू हजेरी मात्र सगळ्यांची घ्यायचीस, न आलेल्यांची नावं जरा मोठ्यानं, घरापर्यंत पोचतील अशी.

मग माझ्या धन्यानं मळ्याच्या कडेची जागा दिली, विहिरीजवळची. खोली बांधायला गावाकडे काही नव्हतं, हातपाय होते. तू प्रत्येक घराला एक वार लावून दिलास. पूर्वी गरिबाची शिकणारी पोरं वार लावून जेवायची, तू उलटं केलंस, घरांनाच वार लावले. सोमवारी सुतार आणि माळवाड्याची घरं, मंगळवारी वेशीपलीकडची, असं करत आठवडा भरला. ज्याचा वार त्यानं यायचं, माती तुडवायची, पाणी भरायचं, सारवायचं, काहीच नाही तर धान्यातले खडे काढायचे. खोली उभी राहिली तरी वार चालूच राहिले. बेस्तरवार तू स्वतःला ठेवलास. मी म्हटलं, तू तर रोजच येतेस. तू म्हणालीस, "बाकीच्या दिवशी मी पगाराची बाई. बेस्तरवारी मी शिंप्याच्या घरची." आणि खरंच, बेस्तरवारी तू उजाडता येऊन झाडायचीस, विहिरीचं पाणी ओढायचीस, मला हात लावू द्यायची नाहीस.

हळूहळू अडवलेली लेकरं सुटली. आबांच्या घरचा नातू मात्र आला नाही, तो मोठा होऊन एकदम शाळेतच गेला. रस्त्यात भेटला की तुला बघून मूठ बंद करायचा आणि हसायचा. तुला त्याचं फार वाईट वाटायचं. तू ते बोलली नाहीस, पण मी तुझ्याबरोबर एवढी वर्षं चूल फुंकली आहे, मला कळायचं.

आता आपलं भांडण.

दिवाळीला कोणी ना कोणी तुला खण आणायचं. लेकराला बोलायला यायला लागलं, लेकरू एकटं अंगणाबाहेर पडायला शिकलं, म्हणून आई यायची, पाया पडायची, "बाई, तुमचे लय उपकार" म्हणायची. आणि तू खण परत करायचीस. "खण नको. मंगळवारी ये." त्या बाईचं तोंड उतरायचं. मी तुला किती वेळा म्हटलं, वच्छे, माणसाला देऊ द्यावं. देणाऱ्याचा हात मागे लोटणं हाही माजच आहे. तू म्हणायचीस, "आभार मानले की मानणारा मोकळा होते सुभद्रे. मले कोणालेच मोकळं करायचं नाई."

मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. आजही सगळं पटत नाही. त्या बायांना खरंच काही द्यायचं होतं, आणि तू ते त्यांच्या हातातच ठेवलंस. एकदा तर मी चिडून म्हटलं होतं, तुझ्या मेल्यावर सगळे मिळून आभार मानतील, तेव्हा कशी अडवशील? तू हसत म्हणालीस, "तू हायस नं अडवायले." आपलं बोलणं तिथंच राहिलं, कारण चुलीवर घुगऱ्या लागत होत्या.

तू गेलीस त्या सकाळी गंजात आदल्या दिवशीच्या मुठी भिजत होत्या. तुझीही त्यात होती. पोट्टे नेहमीसारखे मुठी बंद करून दारात आले, त्यांना कोण सांगणार. तुला पोचवून आम्ही परतलो आणि अंघोळ करून मी सरळ बालवाडीत गेले, चूल पेटवली. बायका म्हणाल्या, आज तरी नको व सुभद्रे, मेलेल्याच्या हातचं धान्य लेकरांच्या पोटात घालतं काय? मी म्हटलं, त्याच हातानं आजवर जेवली ती. भिजलेलं धान्य आपल्यासाठी थांबत नाही, उद्या त्याला मोड येतील, परवा वास. घुगऱ्या झाल्या. पोट्ट्यांनी पुन्हा पुन्हा मागून खाल्ल्या. मी गंज पुसून काढला आणि मग कोपऱ्यात बसून पोटभर रडले, त्या दुधाच्या भिंतीसारखी भिंत इथं नाही, पाठ सगळी पांढरी झाली.

आणि परवा ही सभा. तुझे गुण सांगून झाले. तुझा फोटो मोठा करून बालवाडीत लावायचं ठरलं. फोटो कोणता तर शिबिरातला, मागच्या रांगेतला, ज्यात तुझे डोळे मिटलेले आहेत. तू पोट्ट्यांसमोर डोळे मिटून उभी, आयुष्यभर. मला हसूच आलं, तिथंच. मग सोसायटीचे चेअरमन उठले. म्हणाले, नवी बाई तालुक्याहून कधी येईल सांगता येत नाही, तोवर खोली उगाच पडून राहील, तर सोसायटीची खताची पोती तिथं ठेवू, बाईंच्या फोटोला रोज हार घालू. आणि माणसं माना डोलवत होती. वच्छे, तीच माणसं, ज्यांची नाकं तू पुसलीस. त्यांनी आभार मानले होते. ती मोकळी झाली होती.

तेव्हा मला तुझं म्हणणं कळलं. कळल्याचा राग आला.

मी उठले. बायकांनी पदर ओढला, मी सोडवून घेतला. म्हटलं, "चेअरमनसाहेब, पोत्यांले जागा लागते आन् पोट्ट्यांले नाई लागत काय? खोली पडून नाई. आजही चूल पेटली होती तिथं. नवी बाई येईन तवा येईन, तोवर मी हावो. खताचं एक पोतं जरी त्या उंबऱ्याच्या आत आलं तं मी थे भिंतीले लावीन, आमाले सवय हाय." मागून कोणीतरी हसलं, जुन्यांपैकी. मी पुढं म्हटलं, "फोटो लावा, हार घाला, मी नाई म्हणत नाई. पण वच्छीचा बेस्तरवार रिकामा पडला. थो कोण घेते थे आधी सांगा. मंग आभार."

सरपंच घड्याळ बघायला लागले. मी उभीच राहिले, बसायचं नाही असं ठरवूनच उठले होते. आभाराला पन्नास तोंडं होती, वाराला एकही नव्हतं. शेवटी बायकांच्या मागून, खांबाजवळून आवाज आला, "मी येतो बेस्तरवारी."

गंगामाय. आबा गेल्यापासून ती फारशी घराबाहेर पडत नाही. काठी टेकून बसली होती, मला दिसलीही नव्हती. खताच्या पोत्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

आज बेस्तरवार होता. मला वाटलं, सभेच्या भरात बोलली असेल, कोणाला तरी पाठवून देईल. उजाडलं तेव्हा ती दारात होती. वहाण बाहेर काढली. विहिरीचं पाणी तिच्यानं ओढवेना, ते मी ओढलं. तिनं बसून सूप घेतलं आणि पोट्ट्यांनी आणलेल्या मुठींतले खडे काढले, सगळ्यांच्या, एकेक. वेशीपलीकडची एक पोट्टी तिच्या मांडीला टेकून मूठ उघडत होती, तिला तिनं बाजूला केलं नाही. मग कमरेची गाठ काढली. फडक्यात बांधलेली ज्वारी होती. म्हटलं, आता ही काय बोलते. तिनं दात नसलेल्या तोंडानं गाठ ओढून पाहिली, सुटेना, तर माझ्यापुढं केली. मी सोडली. तिनं स्वतःच्या हातानं ओतली.

वच्छे, त्याच वेळी आपलं भांडण मिटलं. मी तुझे आभार मानते. तू कितीही मागे लोट, मी मानतेच, मला शुद्ध लिहायला, चिडायला, चारचौघांत उभं राहायला तू शिकवलंस म्हणून. आणि मी मोकळी होत नाही. दोन्ही एका वेळी जमतं, हे तुला कधी सुचलं नाही. तेवढ्यापुरती तू हरलीस.

आता तो निरोप. ज्वारी ओतल्यावर गंगामाय उठली नाही. तिनं बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत हात गंजात घातला आणि बराच वेळ ढवळत राहिली, दाणे बोटांतून सोडत, पुन्हा धरत. मला वाटलं, काही पडलं असेल, अंगठीबिंगठी. मी विचारलं, "काय शोधून राह्यली मोठी माय?" तिनं ओला हात वर काढला आणि मला दाखवला.

"वच्छीले सांगजो," ती म्हणाली, "वेचून पाह्यले. माहे कोणते थे मले नाई सापडत."

सांगितलं तुला. गंज झाकून ठेवला आहे.